गांधीलमाशी-रोधक संच: पिंजरा घ्या, पट्टी घासून घ्या, सापळा राहू द्या

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'गांधीलमाश्यांपासून शंभर टक्के संरक्षण'. आत तीन वस्तू निघतात: मधमाश्यांच्या पेटीच्या दारावर बसवायची भोकाभोकांची पत्र्याची पट्टी, दारापुढे लावायचा तारेच्या जाळीचा पिंजरा आणि पिवळ्या झाकणाचा एक बाटली-सापळा. शिवाय आमिषाची पुडी आणि माहितीपत्रक. पत्रकावरच्या चित्रात मधमाशी हसतेय आणि गांधीलमाशी रडतेय. असे दोन संच मी मागवले आणि पूर्ण एक हंगाम वापरले. त्या शंभर टक्क्यांचं काय झालं ते सांगतो.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, कारण पुढची सगळी किरकिर तिथूनच आली आहे. माझी अख्खी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात गेली. कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार शोधतो. मधमाश्या हा निवृत्तीनंतरचा उद्योग. सध्या सहा पेट्या आहेत, चार मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, आणि दोन आपल्या देशी सातेरीच्या. संच मेलिफेराच्या दोन पेट्यांना लावले आणि उरलेल्या दोन मुद्दाम तशाच ठेवल्या, फक्त त्यांचं दार लाकडी पट्टीने अरुंद केलं. तुलनेला काहीतरी नको का?

खरेदीची वेळ आली ती आदल्या हंगामात एक वसाहत गेली म्हणून. ती कशी गेली हे सांगितल्याशिवाय संचातलं काय कामाचं आणि काय नाही, ते कळणार नाही. माझी समजूत होती की गांधीलमाशी आत घुसते, मध खाते, माश्या मारते. तशा घुसणाऱ्या जाती आहेतच. पण माझ्याकडे येत होती ती पिवळ्या पायांची, व्हेस्पा वेल्युटिना. ती आत जायच्या भानगडीत क्वचितच पडायची. दारापासून हातभर अंतरावर, पेटीकडे पाठ करून, दोरीला टांगल्यासारखी हवेत थांबायची. पराग घेऊन जड झालेली कामकरी माशी उतरायला लागली की झडप. मग जवळच्या फांदीला एका पायाने लटकून डोकं, पंख, पोट कापून खाली टाकायचं आणि छातीचा तेवढा गोळा घेऊन घरट्याकडे जायचं. उडायचे स्नायू छातीत असतात, म्हणजे ऐवज तिथेच. तो तिच्या अळ्यांसाठी. स्वतः ती गोडावर जगते. ही कापाकापी मी दोन फुटांवरून पाहिली आहे. खाटीक जितक्या सवयीने हात चालवतो तितक्याच सवयीने ती जबडा चालवते, अर्ध्या मिनिटाचं काम.

पण हिशेब केला तर अशा मरणाऱ्या माश्या फार नव्हत्या. भरातली राणी दिवसाला हजाराच्या वर अंडी घालते, एवढी तूट भरून निघते. वसाहत बसली ती धास्तीने. समोर तीन-चार गांधीलमाश्या तरंगत असल्या की बाहेर जाणं बंद. दारात माश्यांचा घोस जमतो, सगळ्यांची तोंडं बाहेर, उडत कोणीच नाही. पाणी नाही, पराग नाही, मकरंद नाही. परागाविना पिलावा (अंडी-अळ्यांची वाढ) थांबतो, राणी अंडी घालायचं कमी करते, साठा संपतो. मी पेटी उघडली तेव्हा आत मूठभर माश्या आणि कोरड्या चौकटी. पेटीपुढे मेलेल्यांचा खच वगैरे काही नव्हता. दार शाबूत होतं आणि घर उपाशी मेलं होतं.

तर खरी भानगड दारासमोरच्या त्या हातभर हवेत आहे, आणि संच बनवणाऱ्याला ती अर्धीच कळली आहे.

आता पट्टी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, दोन ओळींत गोल भोकं, व्यास पत्रकाप्रमाणे ५.५ मि.मी. आकडा बरोबर निवडलाय. वेल्युटिना २००४ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा नोंदली गेली आणि मग शेजारच्या देशांत पसरली. तिकडे दाराची उंची कमी करताना हाच ५.५ चा आकडा धरतात. त्यातून मधमाशी जाते, ही माशी अडते. पण आकडा छापणं वेगळं आणि तेवढं भोक पाडणं वेगळं. माझ्या दोन पट्ट्यांवरची भोकं ५.२ पासून ५.७ पर्यंत निघाली. भोक पाडणारा पंच झिजलेला असणार, कारण मागच्या बाजूने प्रत्येक भोकाला बर, म्हणजे पत्र्याची सुटलेली धारदार कड होती. बोट फिरवलं आणि रक्त आलं. आमच्याकडे असा माल तपासणीच्या टेबलावरूनच परत गेला असता.

मी तरीही एक पट्टी तशीच लावली, म्हटलं बघू. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरण्याच्या फळीवर वाकून पाहिलं. पट्टीच्या बुडाशी परागाच्या गोळ्यांची रांग लागली होती, पिवळे, शेंदरी, एक-दोन राखाडी, मोहरीएवढे. माशी मागच्या पायांवर ओझं घेऊन येत होती, भोकात डोकं घालत होती, खांदे आत जात होते आणि पाय ओढून घेताना गोळा काठावर खरडून बाहेर पडत होता. आत पोचत होती ती रिकामी. एक तर अर्ध्यात थांबली, मागे सरकली, खाली पडलेल्या गोळ्याभोवती फिरली आणि पुन्हा आत गेली. तो गोळा तिथेच. शत्रूपासून वाचवायला लावलेली वस्तू माझ्या माश्यांकडून जकात वसूल करत होती!

त्या दिवशी पट्टी काढली, गोल कानशीने एकेक भोक घासलं, वरून बारीक पॉलिश पेपर. दोन पट्ट्यांना एक दुपार गेली. नंतर गोळे पडणं बरंच कमी झालं, पूर्ण थांबलं नाही.

नरांचं दुखणं वेगळंच. मेलिफेराचा नर अंगाने रुंद, ५.५ च्या भोकातून तो कसाबसा निघतो आणि ५.२ मध्ये अडकतो. नर दुपारी उडतात. दोनच्या सुमारास पाहावं तर आतल्या बाजूला त्यांची गर्दी, दोन-तीन भोकांत एकेक नर बुचासारखा बसलेला आणि कामकरी माश्या त्याच्यावरून वाट काढतायत. मेलेल्या माश्या बाहेर ओढून टाकणाऱ्यांचीही पंचाईत होते; मढं भोकातून सरळ निघत नाही, ते पट्टीमागे साचतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी संध्याकाळी पट्टी काढून मागची जागा ब्रशने झाडावी लागते. पत्रकात याचा उल्लेख नाही. नवी राणी मीलनासाठी बाहेर पडायची असेल त्या दिवसांत तर पट्टी लावूच नका, जोखीम कशाला घ्यायची?

भोकांऐवजी दाराच्या पूर्ण रुंदीची ५.५ उंचीची एक सलग फट ठेवली तर यातले निम्मे त्रास जातात. मी ॲल्युमिनियमच्या पट्टीची तशी एक करून उघड्या दोन पेट्यांपैकी एकीला नंतर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची टक्कर नाही, परागही कमी सांडतो. हे कारखान्याला का सुचू नये?

दोन गोष्टी पट्टीकडून मागूच नका. एक म्हणजे त्या लहान काळ्या-पिवळ्या गांधीलमाश्या, मधमाशीएवढ्याच अंगाच्या. मधमाशी जाईल तिथून त्याही जाणार. त्यांच्यासाठी दार आखूड करणं, पाक बाहेर न सांडणं आणि वसाहत सशक्त ठेवणं एवढंच हातात असतं. दोन बोटं रुंदीचं दार पहारेकरी माश्या राखू शकतात, वीतभर नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेली धास्ती. पट्टी लावूनही गांधीलमाशी समोर तरंगतच राहते आणि माश्या आतच बसतात.

तरी पट्टी टाकाऊ म्हणणार नाही. थोरल्या आशियाई गांधीलमाशीचं, व्हेस्पा मँडरिनियाचं, प्रकरण निराळं आहे. ती टोळीने येते, दार चावून मोठं करते आणि एकदा कत्तल सुरू झाली की तीसेक जणी मिळून तीस हजारांची मेलिफेरा वसाहत काही तासांत संपवतात. मग पेटीचा ताबा घेऊन पिलावा वाहून नेतात. २०१९ मध्ये ती उत्तर अमेरिकेत सापडली, तेव्हा लोकांनी एकेका माशीला चिमुकला ट्रान्समीटर बांधून घरटी शोधली. दात साफ करायच्या दोऱ्याने बांधला होता तो! २०२४ च्या अखेरीला अमेरिकेने तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. जिथे अशी दार फोडणारी जात आहे तिथे लाकडी पट्टीपेक्षा पत्रा केव्हाही बरा. जपानमध्ये दारावर असा पिंजरा-सापळा लावतात की मधमाशी जाळीतून निघून जाते आणि गांधीलमाशी उजेडाकडे वर चढून कोंडली जाते. उंदरांचा चिकट पुठ्ठाही पेटीवर ठेवतात; एक जिवंत चिकटली की बाकीच्या तिच्यापाशी उतरतात. मी पुठ्ठा करून पाहिला नाही. आमच्याकडे पाली फार आहेत, आणि पुठ्ठ्यावर चिकटलेली पाल सोडवणं हा प्रसंग आयुष्यात एकदा पुरे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो पिंजरा. दिसायला अगदी साधा. तीन बाजू आणि वर-खाली तारेची जाळी, पेटीच्या तोंडाला अडकवायला दोन आकडे, पुढे साधारण वीतभर आलेला. जाळीचं घर १२.७ मि.मी., म्हणजे बरोबर अर्धा इंच, आणि हे माप मात्र सगळीकडे सारखं. पहिल्यांदा पाहिल्यावर कोणीही विचारेल की यातून गांधीलमाशी जाणार नाही का? जाते. पंख मिटून, अंग चोरून, चालत जाते. उडत जाता येत नाही, आणि तिचा सगळा धंदा उडत थांबण्यावर आहे. पिंजऱ्याने तिला दारापासून वीतभर लांब ढकललं. माश्या आता एका बिंदूवर उतरत नाहीत, जाळीच्या शेकडो घरांतून कुठूनही आत शिरतात. बाहेर पडणारी माशी जाळीपर्यंत वेग घेऊनच येते. ती नेम धरणार कुणावर?

हे नुसतं मला वाटलं म्हणून लिहीत नाही. नात सुट्टीत आली होती, तिला मोबाईलवर मिनिट लावून बाहेर पडणाऱ्या माश्या मोजायला बसवलं. "आजोबा, एवढ्या भराभरा कशा मोजू, त्या काय रांगेत येतात?" म्हणत म्हणत तिने चार दिवस इमानेइतबारे वही भरली. समोर गांधीलमाश्या असताना उघड्या पेटीतून मिनिटाला पाच-सहा माश्या बाहेर पडत होत्या, कधी शून्य. पिंजऱ्याच्या पेटीतून तिसऱ्या दिवसापासून तीसच्या पुढे. गांधीलमाश्यांची संख्या दोन्हीकडे जवळपास तेवढीच होती, हे विशेष. फ्रान्समध्ये अशा पिंजऱ्यांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं होतं. शिकारी येतातच, पण माश्यांचं बाहेर जाणं थांबत नाही आणि वसाहत तगण्याची शक्यता वाढते. नातीची वही आणि तो अभ्यास जुळले म्हणून मला जरा जास्तच आनंद झाला.

लावायची वेळ सांभाळा. मी पहिला पिंजरा शहाणपणाने सकाळी दहाला लावला आणि रानातून परतलेल्या माश्या तासभर पेटीच्या बाजूच्या भिंतीवर दार शोधत बसल्या. गांधीलमाश्यांना आयती पंगत. दुसरा संध्याकाळी, सगळ्या घरात आल्यावर लावला. सकाळी माश्यांनी बाहेर पडताना वळून वळून जाळी पाहून घेतली आणि दुपारपर्यंत सरावल्या.

खोट एकच, पण मोठी. पिंजरा एका ठरावीक तळपाटासाठी बनवलाय. माझ्या पेटीवर खालच्या कडेला बोट जाईल एवढी फट राहिली आणि दुसऱ्याच दिवशी एक गांधीलमाशी त्या फटीतून आत. पुढचं दृश्य मी हातातला चहा निववून पाहिलं. आत शिरल्यावर तिला परत फट सापडेना. जाळीवर आपटत खाली उतरली ती थेट दारातल्या माश्यांत. एकीने पाय धरला, मग दुसरीने पंख, मग दिसलाच नाही तो काळा ठिपका, नुसता माश्यांचा गुंडा. पाच मिनिटांनी गुंडा सुटला तेव्हा ती पडली होती, शेजारी माझ्या चार-पाच माश्याही. लाकडाची चीप ठोकून फट बुजवली. संचात रबराची एखादी पट्टी दिली असती तर बिघडलं नसतं.

सातेरीच्या पेटीवर पिंजरा लावू नका असं माझं मत आहे. एकीवर लावून पाहिला, दोन दिवसांत त्यांची चुळबुळ वाढली आणि मी घाईने काढला. सातेरीला छेडलं तर ती पेटी सोडून जाते, आणि तिला तशी गरजही कमी. गांधीलमाशी समोर आली की दारातल्या सातेरी एकदम पोटं हलवतात, पाण्यावर तरंग जावा तशी थरथर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. 'पाहिलंय तुला' असा निरोप असतो तो, आणि बऱ्याच गांधीलमाश्या तेवढ्यानेच वळतात. न वळणारी जवळ आली की शेकडो माश्या तिला गोळ्यात धरतात आणि स्नायू थरथरवून ऊब वाढवतात. जपानी सातेरीच्या गोळ्यात सुमारे ४७ अंश सेल्सिअस मोजलंय. गांधीलमाशी ४४ ते ४६ अंशांना मरते, सातेरी ४८-५० सोसते. दोन-तीन अंशांच्या टॉलरन्सवर एवढा मोठा जुगार! मेलिफेराही गोळा करते, पण तिच्यात ही शिस्त नाही. तिने या आशियाई गांधीलमाश्यांबरोबर इतकी हजारो वर्षं काढलेली नाहीत.

सापळ्याबद्दल थोडक्यात. बाटलीत आमिष, वर नरसाळं, आत गेलेलं बाहेर येत नाही. पुडीतलं आमिष घातलं आणि आठ दिवसांनी चाळणीत ओतलं. माश्या, चिलटं, पतंग, एक सुंदर फुलपाखरू आणि गांधीलमाश्या तीन. पुडी फेकून साखरपाक, बिअर आणि थोडी वाईन घातली, कारण दारूच्या वासाला मधमाश्या सहसा येत नाहीत. मधमाश्या खरंच आल्या नाहीत. गांधीलमाश्या अकरा झाल्या, बाकीचे जीव तेवढेच. लहान किड्यांना निसटायला बारीक भोकं नाहीत, आत बसायला कोरडी जागा नाही, सगळे बुडूनच मरतात. मी ड्रिलने ५.५ ची भोकं पाडली, तळाला खडे टाकले, तरी समाधान नाही. पत्रक सांगतं की सापळा पेटीच्या 'अगदी जवळ' टांगा. म्हणजे जी गांधीलमाशी आली नसती तिलाही वासाने बोलवा. आमिषाच्या दुर्गंधीने हिने तो अंगणातून हलवायला लावला, तेव्हा मी वाद घातला नाही.

हंगामाच्या सुरुवातीला एकटी राणी घरटं बांधत असते तेव्हा सापळे लावावेत की नाही यावर जाणत्यांतही एकमत नाही. राण्या घरट्यांसाठी आपसातच मारामाऱ्या करून पुष्कळ मरतात, म्हणून तुम्ही पकडलेली कदाचित तशीही मेलीच असती. त्यापेक्षा जुनी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन पेटीपाशी अर्धा तास बसणं मला परवडतं. तरंगणारी गांधीलमाशी एकाच जागी थांबते, नेम चुकत नाही, आणि फुलपाखरू मरत नाही. जाळी नीट बांधलेला पोशाख मात्र घाला. तिची नांगी मधमाशीसारखी तुटत नाही, ती पुन्हा पुन्हा मारते. घरटं सापडलं तर स्वतः काठी घेऊन जाऊ नका, आणि विषारी आमिष लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते विष कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. समोरासमोर विजेच्या तारा ताणलेली 'वीणा' एका मित्राकडे पाहिली. दोन तारांना एकदम पंख लागले की गांधीलमाशी झटका बसून पडते, मधमाशी मधून निघून जाते. काम चांगलं करते, पण बॅटरी सांभाळणं आलं, आणि माझ्या सहा पेट्यांना तो पसारा जास्त.

हंगाम संपला तेव्हा संच लावलेल्या दोन्ही मेलिफेरा पेट्यांत सहा-सहा चौकटींवर माश्या आणि मध होता. सलग फट लावलेली उघडी पेटी चार चौकटींवर तगली. चौथीत तीनच उरल्या, ती मी शेजारणीत मिळवून टाकली. चार पेट्यांवरून मी सिद्धान्त मांडणार नाही, पण पुढच्या खेपेला काय मागवायचं ते मला कळलंय.

भोकांची बर, त्यांची मापं आणि पिंजऱ्याखालची फट यांबद्दल कंपनीला सविस्तर लिहिलं, व्हर्नियरचे फोटो जोडले. 'आपल्या सूचनांचं स्वागत आहे' असं उत्तर आलं, सोबत पत्रकावरचीच ती हसरी मधमाशी. मग चार नुसते पिंजरे मागवले, सुटे मिळतात. 'पट्टी आणि सापळा पाठवू नये' असं ऑर्डरमध्ये दोनदा लिहिलं होतं. काल खोकं आलं. चार पिंजरे आहेत, आणि 'आमच्याकडून भेट' म्हणून चार पट्ट्याही. एका पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं. कानस कुठे ठेवली होती ते आठवतोय.